लाल वर्तुळातली बाई

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे फोटो छापले. माझा स्वतःचा फोटो आमच्या पेपरात एकदाच आला, आणि त्यात माझ्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ होतं. खाली लिहिलं होतं, 'पीछे खड़ी संगठन की महिला'. कोणतं संगठन, ते मला आजतागायत कळलेलं नाही. फोटो काढला तेव्हा मी ज्या एकमेव संघटनेत होते, ती म्हणजे मुलीकडची माणसं.

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा म्हणाले, "ताई, पेपरात इतकी वर्षं काढलीत, मोठमोठे लोक भेटले असतील. त्यांचं लिहा." मोठे लोक भेटले खरे, पण ते सगळे एकसारखंच बोलायचे. मला राहून राहून आठवतात ते मुरारचे शर्माजी. तेव्हा त्यांचं लिहिते, आमच्या कुमुदताईंचं लिहिते, आणि एका कानाचं.

आधी धंदा समजावून सांगते. शहराच्या लष्कर भागातल्या एका हिंदी दैनिकात मी डेस्कवर होते. बातमीदार बातमी आणतो, डेस्क ती वाचण्यालायक करतं. निम्मी छाटायची, मथळा द्यायचा, आणि 'हे तुला कोणी सांगितलं' असं विचारायचं. पहिली दोन कामं सगळ्यांना आवडतात. तिसरं कोणालाच आवडत नाही, म्हणून ते बहुधा माझ्याकडे यायचं. घरी मराठी, ऑफिसात हिंदी आणि रागावल्यावर दोन्हींची खिचडी, अशी माझी भाषा. सगळे मला दीदी म्हणत आणि तिसरा प्रश्न यायच्या आत पळ काढत.

एक बातमी दर वर्षी हमखास माझ्या टेबलावर यायची. नोकरीवाल्या सुनेनं सासूला घराबाहेर काढलं, सासू पिंपळाखाली गाठोडं घेऊन बसली आहे. कधी ती भिंडहून आलेली असायची, कधी दतियाहून. गाव बदलायचं, सुनेची नोकरी बदलायची, पिंपळ आणि गाठोडं मात्र तेच. एका वर्षी ती चक्क गोरखीतून आली. गोरखी ऑफिसपासून चालत जाण्याजोगं, म्हणून मी चपला घातल्या आणि बघायला गेले. पिंपळ होता. खाली सासूबाई पण होत्या, शेजारी गाठोडंही होतं. गाठोड्यात मटार होते. त्या मटार सोलत सुनेची वाट बघत होत्या, कारण घराची किल्ली सुनेकडे होती आणि तिची शाळा सुटायची होती. मी परत येऊन बातमीदाराला धरलं, तर तो म्हणाला, "दीदी, सबने छापा है." सब म्हणजे कोण? "बस, सबने." या 'सब' नावाच्या माणसाला मी पुढे नोकरीभर शोधत होते. शेवटी तो सापडला, पण ते नंतर सांगते.

आता शर्माजी. मुरारच्या बाजारात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. लग्न ही पुरुषजातीची घोर फसवणूक आहे असं ज्याचं ठाम मत, त्यानं लग्नपत्रिका छापून पोट भरावं, यात त्यांना काही वावगं दिसत नसे. दर आठ मार्चला, नेमके महिला दिनी, ते आमच्या ऑफिसात पत्रक घेऊन यायचे. त्यात पत्नीपीडितांच्या मागण्या असायच्या, आणि खाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं. अध्यक्ष तेच, सचिव तेच, आणि माझ्या अंदाजानं पीडितही तेच. ऑफिसात त्यांना 'आठ मार्चवाले' असंच म्हणत. मी त्यांना चहा पाजायची, पत्रक घ्यायची आणि ते पेपरवेटखाली ठेवायची. तिथे ते पुढच्या आठ मार्चपर्यंत सुखानं झोपायचं. शर्माजींनी कधी तक्रार केली नाही. त्यांना बहुतेक चहा आणि ऐकणारं माणूस एवढंच हवं असायचं.

मग मोबाईल आले आणि शर्माजींना पेपरवेटखालून बाहेर पडायला वाट मिळाली. त्यांनी यूट्यूबवर वाहिनी काढली. तिचं नाव इथे देत नाही, या अंकामुळे त्यांची चार गिऱ्हाइकं वाढायला नकोत. त्यांच्या काही तक्रारी खऱ्याही असतात, हे सांगायला हवं. कोर्टात खेटे घालून खरोखर गांजलेला एखादा माणूस त्यांच्यासमोर बसून रडतो. पण ते कोणी बघत नाही. बघतात ते 'बाई बघा कशी डोक्यावर चढलीय' हे. शर्माजी दुकानदार माणूस, जो माल खपतो तो ते पुढे मांडायला शिकले.

आणि शिकण्यात आम्ही तरी कुठे मागे होतो? आमच्याकडे वेबसाइट आली आणि तिच्याबरोबर भिंतीवर एक मोठा पडदा आला. किती लोक काय वाचतायत ते त्यावर दिसायचं. हिरवा बाण वर गेला की संपादकजी सगळ्यांना चहा मागवत, खाली आला की मीटिंग बोलावत. बाण वर ठेवायचं काम निखिलकडे होतं. पोरगा हुशार, मनाचा चांगला, पण त्याला दिवसभर बाणाला काहीतरी खायला घालावं लागे. तो शर्माजींसारख्यांच्या वाहिन्यांवर नजर ठेवून असायचा. तिथली गोष्ट उचलायची, 'सोशल मीडिया पर दावा' अशी फोडणी द्यायची, शेवटी एक प्रश्नचिन्ह लावायचं, की शिळी पोळी ताजी म्हणून वाढता येते.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण आपण स्वतःच त्या पोळीत असू, हे ठाऊक नव्हतं.

आमच्या शेजारच्या जोश्यांच्या थोरल्या मुलीचं, ऋचाचं, लग्न होतं. मुलगा हिंदी घरातला, अनुराग. लग्न लावायला कुमुदताई. त्या आधी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन रीतसर पौरोहित्य शिकून आल्या आणि ग्वाल्हेरात लग्नं लावू लागल्या. सुरुवातीला लोक विचारायचे, बाईच्या हातून लग्न लागतं का? त्या म्हणायच्या, "लागतं. नाही लागलं तर पुन्हा लावून देईन, दक्षिणा न घेता." एकेक घर करत त्यांनी लष्कर जिंकलं, मग मुरार. मंत्राचा अर्थ सांगायच्या, मध्येच कोपरखळी मारायच्या, आणि त्यांच्या लग्नात माणसं जेवणाकडे न बघता होमाकडे बघायची. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाबाबत याहून मोठी गोष्ट मी काय सांगू?

लाजाहोमाच्या वेळी कानपिळी आली. आपल्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, म्हणजे बहिणीला नीट वागव, नाहीतर मी आहे. मग नवरदेव त्याला भेटवस्तू देऊन कान सोडवून घेतो. ऋचाला भाऊ नाही. कुमुदताई म्हणाल्या, "भाऊ नसला तर बहीण तर आहे. कान पण आहे. अडतंय कुठे?" धाकटी रमा पुढे झाली. तिनं लाजत कान धरला, तर अनुरागच चेष्टेनं वाकला आणि 'अरे मर गया' म्हणून ओरडला. मुलाकडच्या मंडळींना समजावं म्हणून कुमुदताई हिंदीत म्हणाल्या, "ज़ोर से पकड़ो बेटी, इनको याद रहना चाहिए." सगळा मंडप हसला. मी रमाच्या मागेच उभी होते आणि सगळ्यांत जास्त मीच हसत होते.

घरी पाहुणे होते म्हणून पुढचे काही दिवस मी रजेवर होते. तेवढ्यात त्या कानानं देशभर प्रवास केला.

अनुरागच्या एका मित्रानं गंमत म्हणून व्हिडिओ टाकला. तो शर्माजींना कुठूनसा मिळाला. त्यांनी पुढचं-मागचं कापलं, वाकलेला नवरा आणि 'ज़ोर से पकड़ो' एवढंच ठेवलं, आणि वर लिहिलं की नारीवादी पंडिताइन मंडपात नवऱ्यांना मारायला लावते. निखिलनं ते उचललं: 'मंडप में दूल्हे के कान खिंचवाए, क्या यही है नया नारीवाद?' वेबसाइटवरून ते सकाळच्या पेपरात शहराच्या पानावर गेलं. पेपरातून टीव्हीवाल्यांनी घेतलं. तिथे चार चौकटीत चार माणसं भारतीय विवाहसंस्था बुडाली म्हणून एकाच वेळी ओरडत होती. कानपिळी म्हणजे काय हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मागे व्हिडिओ फिरत होता, आणि कुणा कल्पक माणसानं माझ्या उघड्या तोंडाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरानं टीव्हीवरचं ते चित्र वर्तुळासकट छापलं. आणि शर्माजींनी आमचं कात्रण कॅमेऱ्यासमोर फडकावून सांगितलं, 'साथियो, अब तो अख़बार भी कह रहा है.' उंदराला मांजर साक्ष असते हे ठाऊक होतं, इथे मांजरालाही उंदीर साक्ष होता.

ऑफिसात मला कोणी ओळखलं नाही, याचं नवल वाटेल. त्याचं कारण सोपं होतं. एवढं तोंड उघडून हसताना मला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी निखिलला त्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, ही कोण? तो म्हणाला, "कोई संगठन वाली है, दीदी." मी चष्मा काढला आणि तोंड उघडलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इथपर्यंत मला हसू येत होतं. कुमुदताईंच्या घरी गेले आणि ते थांबलं. व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते त्यांनी सगळं वाचलं होतं. जन्मभर वह्या तपासलेल्या, अर्धवट सोडायची सवय नाही. कोणी त्यांना झिंज्या धरून मंडपाबाहेर ओढणार होतं. रमाबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तिनं कॉलेजला जाणं बंद केलं होतं. एक मुंज हातची गेली होती, एक वास्तुशांत गेली होती. उरलं होतं ते मुरारच्या मोहितेकाकांच्या नातीचं लग्न. मोहितेकाका फौजेतून निवृत्त झालेले, आणि मुरारची मराठी मंडळी अजून त्यांच्याकडे बघून पाऊल टाकते. त्यांचा फोन आला होता. ते म्हणाले होते, "मोबाईलवरचं मी काही मानत नाही, ताई. पण हे तर पेपरात आलंय. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. विचार करून सांगतो."

कुमुदताई मला म्हणाल्या, "हे लग्न पण गेलं तर मी पोथ्या बांधून ठेवीन. भांडायला मला येतं. पण लोकांच्या दारात उभं राहून 'मी तशी नाही हो' म्हणायला मला नाही येत."

मला तेव्हा शर्माजींपेक्षा आमच्याच पेपराचा राग आला. शर्माजींवर मोहितेकाकांनी काडीचा विश्वास ठेवला नव्हता. ठेवला होता तो आमच्यावर.

मी संपादकजींकडे गेले आणि भूल-सुधार छापा म्हटलं. भूल-सुधार म्हणजे मुळात वरातीमागून घोडं. चूक मोठ्या अक्षरात, माफी मुंगीच्या अक्षरात. पण आम्हाला घोडंही मिळेना. संपादकजी शांतपणे म्हणाले, "दीदी, हमने कहा क्या है? हमने तो पूछा है. पूछने में भूल कैसी?" बाहेर आले तर निखिल मागोमाग आला. बिचारा वरमला होता. म्हणाला, "दीदी, सच वाली बात अब पुरानी हो गई. कोई नया वीडियो दिला दो, जो चल जाए. तुरंत लगा दूँगा."

मी टेंपोत बसले आणि मुरार गाठलं.

शर्माजी पत्रिकांच्या माळांखाली बसले होते. मला बघून आनंदानं उठले, म्हणाले आठ मार्च तर अजून लांब आहे. मी त्यांना विचारलं, शर्माजी, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिसरा प्रश्न, जुनी सवय. ते जरा गोंधळले. मग अगदी निरागसपणे म्हणाले, "दीदी, मेरा वाला तो किसी ने देखा ही नहीं था. आपने छापा, तब चला. मैंने सोचा, अख़बार ने जाँच कर ली होगी."

आणि निखिलला वाटलं होतं, शर्माजी इतकं ठासून सांगतायत म्हणजे काहीतरी असेल. तर हा तो 'सब'. इतकी वर्षं मला वाटायचं की हा कोणी फार मोठा जमाव असेल. तो दोन माणसांचा निघाला. एक मुरारचा, एक लष्करचा, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते.

मी त्यांना वर्तुळ दाखवलं आणि आतली बाई कोण ते सांगितलं. तेवढ्यात आतून चहा घेऊन त्यांच्या बायको आल्या, मिथिलेश भाभी. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि ट्रे हातात धरूनच हसत सुटल्या. मग कळलं की पत्नीपीडितांच्या त्या वाहिनीचा कॅमेरा धरतात त्या, कापाकापी करतात त्या, आणि वरची भडक अक्षरं लिहितात त्याही त्याच. "इनको तो बटन दबाना भी नहीं आता," त्या म्हणाल्या. मी विचारलं, भाभी, तुम्हाला यात काही वाटत नाही? त्या म्हणाल्या, "पहले ये दिन भर मुझसे बोलते थे. अब मोबाइल से बोलते हैं. मुझे आराम है."

शर्माजी छताकडे बघत होते.

मग मी कानपिळी समजावली. भावानं का पिळायचा, पिळून काय सांगायचं, नवऱ्यानं काय द्यायचं. आणि कुमुदताईंच्या बांधून ठेवायच्या पोथ्यांचं, रमाच्या कॉलेजचंही सांगितलं. भाभींचं हसणं थांबलं. त्या म्हणाल्या, ती अक्षरं मीच लिहिली होती, मला वाटलं कोणा मोठ्या शहरातली बाई असेल, तिला काय फरक पडणार. मग नवऱ्याला म्हणाल्या की आता खरी रीत काय ती सांगणारा व्हिडिओ करायचा. शर्माजी कुरकुरले, माझे दर्शक काय म्हणतील? भाभींनी तोवर मोबाईल पत्रिकांच्या खोक्यावर टेकवून सुरूही केला होता.

शर्माजींनी घसा साफ केला. 'साथियो, आज फिर एक पुरुष' एवढं ते बोलले असतील. भाभी माझा हात धरून त्यांच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "मेरे फेरों में किसी ने इनका कान नहीं खींचा. दीदी, आज से आप मेरी बहन. खींचिए, और जो कहना होता है, वो कहिए."

वाचकहो, मी खींचला. शर्माजींचा कान मोठा, मऊ आणि पिळायला फार सोयीचा आहे. मी म्हटलं, आमच्या बहिणीला नीट वागवा आणि तिच्याशी पण थोडं बोलत जा. शर्माजी आधी दचकले, मग लाजले, आणि मग इतके हसले की माळेतल्या दोन पत्रिका खाली पडल्या. नंतर स्वतःच उठून गल्ल्यामागून तिळाच्या गजकचा डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाले, कान सोडवायचा नेग तर द्यायलाच हवा.

भाभींनी तो व्हिडिओ रमाच्या व्हिडिओला जोडला, न कापता, आणि टाकला. निखिलनं शब्द पाळला: 'यूट्यूबर के खिंचे कान, जानिए किस रस्म में होता है ऐसा'. संध्याकाळपर्यंत भिंतीवरचा बाण असा वर गेला की संपादकजींनी समोसेही मागवले. सकाळी शहराच्या पानावर कानपिळी चारी अंगांनी समजावलेली होती, कुमुदताईंच्या नावासकट. मी जी गोष्ट हात जोडून छापा म्हणत होते, ती मोठ्या अक्षरात छापून आली. खरी होती म्हणून नाही, मजेदार होती म्हणून. याचा आनंद करावा की या धंद्याला कायमचा नमस्कार करावा, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. समोसा मात्र मी खाल्ला.

सगळंच काही सुधारलं नाही. शर्माजींना त्यांच्याच साथियोंनी 'बिक गया' म्हणून शिव्या दिल्या, आणि कोणीतरी त्यांच्यावरच व्हिडिओ केला. चार दिवस त्यांनी वाहिनीवर काही टाकलं नाही. टीव्हीवाले पुन्हा फिरकले नाहीत. ते चार चौकटीतले चौघं अजून तिथे ओरडतायत आणि शोधलं तर लाल वर्तुळात मीही सापडते.

पण मोहितेकाकांचा फोन आला. कुमुदताईंना म्हणाले, "ताई, लग्न तुम्हीच लावायचं. पेपरात आलंय."

त्या लग्नाला मी गेले. रमालाही ओढून नेलं. होम छान पेटला, लाह्या पडल्या, कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ पुढे झाला, तर मोहितेकाकांनी त्याच्या मागून धाकट्या नातीलाही पुढे ढकललं. कान दोन आहेत, म्हणाले. आणि त्याच क्षणी मंडपातले सगळे मोबाईल वर आले. सगळ्यांना ते वाक्य हवं होतं.

कुमुदताईंनी तोंड उघडलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मुंज गेली, वास्तुशांत गेली तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. वाटलं, लग्नं तर ही बाई लावत राहील, पण आता तोलून-मापून, मान खाली घालून, एकही कोपरखळी न मारता. रमानं माझा हात घट्ट धरला.

मग कुमुदताईंनी पोथी मांडीवर उघडीच ठेवली, चष्मा वर सरकवला आणि मोबाईलवाल्यांना म्हणाल्या, "नीट घ्या रे. गेल्या वेळी मी कोपऱ्यात आले होते." आणि वळून पोरीला म्हणाल्या, "जोरात धर गं. याला लक्षात राहायला पाहिजे."

मंडप फुटला. रमाही हसली. मी पदर सावरला, लोकांना बाजूला सारत पुढे गेले आणि बरोबर मध्यभागी जाऊन तोंड उघडून हसत उभी राहिले. वर्तुळ काढणाऱ्याला या वेळी शोधायचा त्रास पडायला नको.